रुमालाला तिकीट न्हाई

आमच्या घरात इंग्रजी आली ती एका शब्दापुरती, आणि त्या एका शब्दावर अप्पांनी अख्खी नोकरी काढली. अप्पा सरकारी बसचे कंडक्टर होते. सकाळची पहिली गाडी कल्याणहून हुमनाबादमार्गे गुलबर्ग्याला न्यायची आणि संध्याकाळी तीच परत आणायची, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं. बसवकल्याणला आम्ही नुसतं कल्याण म्हणतो, आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या तोंडातून गुलबर्गाच निघतं. त्या गाडीत मराठी बोलणारे शेतकरी, कन्नड बोलणारे व्यापारी आणि दखनीत भांडणाऱ्या मुसलमान बायका, असे सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. त्यांना हलवायचं तर शब्द असा पाहिजे, की तो कुणालाच परका वाटू नये आणि कुणाला आपलाही वाटू नये. म्हणून अप्पा पुढच्या दारात "थोडं अ‍ॅडजस्ट करा की माय," मधे "स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री," आणि मागे "जरा अ‍ॅडजस्ट करो ना खाला," असं म्हणत गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. ते मागे पोचेपर्यंत तिघांच्या बाकावर चौघं बसलेले असत आणि पाचवा बूड टेकायच्या बेतात असे. हल्ली माझा मुलगा बेंगळूरुला असतो. तिथल्या दुकानात हेच शब्द छापलेला कप मिळतो म्हणून त्यानं मला एक कौतुकानं आणून दिला. मी त्यात चहा पीत नाही, पेनं ठेवते.

बसमधला हा शब्द गावभर होता, पण ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा होता. टेलर म्हणे, ब्लाऊज अ‍ॅडजस्ट करून देतो, म्हणजे मापात चूक त्याची झालेली आहे. दूधवाला म्हणे, आज अ‍ॅडजस्ट करा अक्का, म्हणजे म्हशीपेक्षा विहिरीनं जास्त दूध दिलं आहे. कचेरीतला कारकून आवाज खाली आणून म्हणे, आपण अ‍ॅडजस्ट करू, आणि टेबलाचा खण इंचभर पुढे ओढे. शाळेत इंग्रजीच्या सरांनी मात्र हा शब्द शिकवला तो भिंतीवरचं घड्याळ उतरवून. ते रोज दहा मिनिटं मागे पडायचं. सरांनी मागची किल्ली फिरवली, काटा जागेवर आणला आणि म्हणाले, "याला अ‍ॅडजस्ट म्हणतात. वस्तू जिथं असायला पाहिजे तिथं आणणं." मी घरी येऊन हे अप्पांना सांगितलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "तुझ्या सरला म्हणावं, एकदा बाजारच्या दिवशी माझ्या गाडीत ये. कोण कुठं असायला पाहिजे ते दाखवतो."

घर म्हणजे किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीतल्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. तिथंही अप्पांचा हाच कायदा चाले. खेड्यापाड्याचा कोणीही, कोर्टाच्या तारखेला आलेला, दवाखान्यात बायको ठेवलेला, मुलाचं नाव शाळेत घालायला आलेला, अप्पांना बसमध्ये भेटे आणि उतरताना त्यांच्याबरोबर घरी येई. "चला की, अ‍ॅडजस्ट करू," असं अप्पा बसमध्ये म्हणत आणि ते करायचं काम घरी अव्वाकडे, म्हणजे आमच्या आईकडे असे. अप्पांच्या पाठीमागं अनोळखी जोडे वाजले, की ती काही न बोलता आमटीत तांब्याभर पाणी ओतायची, परातीत आणखी दोन ओंजळी ज्वारीचं पीठ घ्यायची आणि आम्हा भावंडांना डोळ्यांनीच खुणावायची, म्हणजे आम्ही दुसरी भाकरी मागायची नाही. भाकरी थापल्याचा तो थपथप आवाज एरवी बारा-चौदा वेळा यायचा. पाहुणे आले की मी मनात मोजायची, वीस, बावीस. पाहुण्यांना पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाचटणी, वर दही. सगळ्यांचं झाल्यावर अव्वा तव्याशी बसून काय खायची ते आम्ही कधी नीट पाहिलं नाही. हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. गंमत अशी, की दिवसभर अ‍ॅडजस्ट करणाऱ्या अव्वाच्या तोंडून तो शब्द त्या वर्षांत मी कधी ऐकला नाही. तिघांच्या जागेत सात माणसं झोपवून ती नुसतं "हं" म्हणायची.

अप्पांच्या गाडीचे दोन नियम होते. सरकारचे नियम त्यांच्या खाली. आमच्याकडे बस फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल नाहीतर टॉवेल आत फेकतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. अप्पांना या प्रकाराचा मनस्वी राग. "रुमालाला तिकीट न्हाई," असं म्हणून ते बाकावरचे रुमाल एकेक करून उचलत आणि दांडीवर वाळत घालत. गोंधळात कित्येक जण ते विसरून उतरत. अप्पा ते आठवडाभर तिकिटांच्या पेटीत सांभाळत, रोज गाडीत "कुणाचा हाय का ओ?" म्हणून पुकारत, आणि कोणीच पुढं आलं नाही की घरी आणत. अव्वा ते धुऊन, उकलून, जोडून त्यांची कौदी शिवायची. आमच्या सगळ्या कौद्या, म्हणजे तुमच्या वाकळा, अशा परक्यांच्या रुमालांच्या होत्या. दुसऱ्यांनी धरलेल्या जागांवर आम्ही झोपायचो म्हणा ना. दुसरा नियम आमच्यासाठी होता. कंडक्टरच्या घरचं माणूस, गाडीत एकही पॅसेंजर उभा असेल तर बसणार नाही. अप्पा स्वतः कंडक्टरची मागची जागासुद्धा कुणातरी म्हातारीला देऊन दिवसभर उभे राहत, त्यामुळे त्यांना बोलायला कुणाला तोंड नव्हतं.

या दुसऱ्या नियमाची एक गोष्ट अप्पा आल्यागेल्याला सांगत. धाकटा भाऊ पोटात असताना अव्वा माहेराहून येत होती. आठवा महिना. हुमनाबादला कुणी तालुक्याचे साहेब चढले. अप्पांनी नुसतं बघितलं आणि अव्वा उठून उभी राहिली. "एक शब्द बोलावा लागला न्हाई मला," असं म्हणून अप्पा ऐकणाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारत. मी तेव्हा सात-आठ वर्षांची, तिचा पदर धरून उभी होते. तिनं वरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि खड्डा आला की ती डोळे मिटायची, एवढं मला आठवतं. घरी आल्यावर ती दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. अप्पांच्या गोष्टीत ते दोन दिवस कधी येत नसत.

मी बारावी झाले आणि सरांनी माझा शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा अर्ज भरून दिला. गुलबर्ग्याहून मुलाखतीचं पत्र आलं, सकाळी अकराची वेळ. ट्रेनिंगमध्ये नंबर लागला तर नोकरी, आणि ही मुलाखत चुकली तर वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे लग्न, हे माझ्यासकट सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि नेमकं मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी अप्पांच्या पाठीमागून आलेले जोडे मला बघायला आलेल्यांचे निघाले. कमलापूरकडचे चन्नप्पा आणि त्यांचे मेव्हणे. त्यांनी तिकडची लाल केळी आणली होती, घडच्या घड. मुलगा आला नव्हता. त्याला म्हणे शेतातून सवड नव्हती, त्यामुळे मुलीच्या बाबतीत तोसुद्धा अ‍ॅडजस्ट करून घेणार होता.

त्या दिवशी अव्वानं शेंगाची पोळी केली, भरल्या वांग्यांचा रस्सा केला. मी पाट मांडले, पाणी दिलं, कन्नडमध्ये दोन आणि मराठीत तीन प्रश्नांची उत्तरं दिली. चन्नप्पा चांगला उंचापुरा, पोट सुटलेला माणूस. तिसरी पोळी तुपात बुडवत ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण आमच्यात सोळा माणसांचं घर हाय. ट्रेनिंग-बिनिंग चालायचं न्हाई. अ‍ॅडजस्ट करून ऱ्हायलं पाहिजे."

"ऱ्हाती की!" अप्पा म्हणाले. "ट्रेनिंगचं काय, ते आपण अ‍ॅडजस्ट करू. अहो, आमच्या घरचं वळण हाय ते. हिच्या अव्वाचीच गोष्ट सांगतो," आणि त्यांनी ती गोष्ट सुरू केली. आठवा महिना, हुमनाबाद, साहेब. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होते. आत अव्वा पोळी लाटत होती. "एक शब्द बोलावा लागला न्हाई मला," हे वाक्य आलं आणि लाटणं थांबलं. बाहेर थाप वाजली, हसणं झालं. अव्वानं करपत आलेली पोळी तव्यावरून काढली, ती स्वतःच्या ताटलीत टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पत्र कुठं ठिवलीस?"

"पेटीत."

"काढून ठिव. सकाळी लवकर ऊठ. मी बी येते."

मला वाटलं होतं की ती रात्री अप्पांशी बोलेल. पण ती पाहुण्यांना पडवीत कौद्या घालून देऊन आमच्यात येऊन निजली आणि लगेच घोरायला लागली. मीच जागी राहिले आणि घाबरत राहिले.

अप्पा पाचलाच डेपोत गेले. पाहुणेही अंघोळ करून बसवण्णांच्या देवळाला गेले, तिथून परस्पर स्टँडवर जाणार होते. अव्वानं धाकट्यांना शेजारी सोपवलं, भाकरी-चटणी फडक्यात बांधली आणि पेटीतून अजून कौदीत न गेलेला एक हिरव्या काठाचा रुमाल काढून कनवटीला खोचला. मला वाटलं, उन्हासाठी असेल. स्टँडवर ही गर्दी. गाडी फलाटाकडं वळली, लोक धावले, आणि माझी अव्वा, जी चारचौघांत मोठ्यानं खोकलीसुद्धा नव्हती, ती चालत्या गाडीबरोबर चार पावलं पळाली आणि टाच उंचावून तिनं तो रुमाल खिडकीतून आत भिरकावला. नेम असा, की चालकामागच्या दुसऱ्या बाकावर तो पसरूनच पडला. लाजेनं माझे कान तापले. कंडक्टरच्या बायकोनं कंडक्टरच्याच गाडीत रुमाल टाकला होता, आणि स्टँडवरच्या चहावाल्यापासून सगळे आम्हाला ओळखत होते.

आम्ही दोघी बसलो. मी खिडकीशी, मांडीवर कागदांची पिशवी. बघता बघता गाडी भरली, आणि शेवटी चन्नप्पा आणि त्यांचे मेव्हणे चढले. त्यांनी आम्हाला बघितलं, जरा हसले, आणि आमच्याच बाकाला टेकून उभे राहिले. त्यांना जागा मिळणारच होती. रात्रीच तर गोष्ट ऐकली होती त्यांनी. घंटी मारून अप्पा पुढून तिकिटं फाडत आले आणि आमच्यापाशी त्यांचा हात थांबला.

"तुम्ही हितं कामून?"

"गुलबर्ग्याला जायलाव," अव्वा म्हणाली. "पोरीची मुलाखत हाय."

अप्पांनी एकदा चन्नप्पांकडं बघितलं आणि आवाज मऊ केला. "बरं, ते बघू मागनं. आता उठा. अण्णा उभे हैत. थोडं अ‍ॅडजस्ट करा."

मी उठायला लागले. खोटं कशाला सांगू, माझे पाय आपोआपच उठत होते. अव्वानं माझ्या मांडीवर हात दाबून ठेवला. "दोन तिकिटं द्या," ती म्हणाली. "गुलबर्गा."

"अगं, घरच्या माणसानं..."

"आज घरची न्हाई मी. पॅसेंजर हाव."

"रुमाल टाकून धरलीस तू ही जागा. बघितलं मी. माझ्या गाडीत रुमालाला तिकीट न्हाई."

"रुमालाचं नका देऊ. माझं द्या, पोरीचं द्या." आणि मग तिनं आवाज अजिबात न चढवता म्हटलं, "त्या बारीला मला कळा सुरू झाल्त्या. हुमनाबादपासून कल्याणपतोर. कुणाला सांगितल्या न्हाईत मी. ही गोष्ट आता बास करा."

अप्पांनी दोन तिकिटं फाडली, पंच केली आणि अव्वाच्या हातात दिली. तिनं ती घडी घालून पिशवीत टाकली. आता पुढची मजा बघा. चन्नप्पा उभे आहेत म्हटल्यावर आजूबाजूची सहा माणसं जागेवरून उठली. या मालक, बसा मालक. पण चन्नप्पांनी हातानंच सगळ्यांना नको म्हटलं. त्यांना दुसरी जागा नकोच होती. हुमनाबाद गेलं, पुढचे सगळे थांबे गेले, तरी ते कमलापूरपर्यंत आमच्या बाकाशेजारची दांडी धरून उभेच राहिले, आणि त्यांचे मेव्हणे सोबतीला. उतरताना त्यांनी अप्पांना नमस्कारही केला नाही. आठ दिवसांनी निरोप आला, की पोरगी चांगली आहे, पण तिची आई अ‍ॅडजस्ट करणारी नाही. अव्वाला आयुष्यात मिळालेलं हे एकच प्रमाणपत्र, आणि तेही तोंडी.

मुलाखतीला टेबलाच्या पलीकडं तीन जण होते. दोघांनी कन्नडमध्ये नाव, गाव, मार्क विचारले. तिसऱ्यांनी चष्म्यावरून बघत इंग्रजीत विचारलं, खेड्यात पोस्टिंग मिळालं तर अ‍ॅडजस्ट कराल का? बाहेर आंब्याच्या झाडाखाली अव्वा बसलेली मला खिडकीतून दिसत होती. सकाळी जे घडलं होतं त्याला शोभेल असं काहीतरी बाणेदार बोलायची ती वेळ होती. मी ताडकन म्हणाले, "यस सर, आय विल अ‍ॅडजस्ट." माझा नंबर लागला. पुढं हुलसूरच्या बाजूला एका खोलीत चार वर्ग, अर्धी मुलं मराठी, अर्धी कन्नड, एकच फळा, अशी माझी बावीस वर्षं गेली, आणि पहिल्याच दिवशी मी मुलांना काय म्हणाले असेन ते तुम्हाला सांगायला नको. आता आमच्याकडं बायकांना बस फुकट आहे. गाड्या बायकांनीच भरून जातात. मागच्या महिन्यात मी कल्याणच्या स्टँडवर चढले आणि कानात वायरी घातलेल्या एका मुलीला म्हटलं, बाळ, थोडं अ‍ॅडजस्ट कर की. तिनं वायर काढली, बाकाकडं बघितलं आणि म्हणाली, "दोघांचीच जागा हाय आजी." मला राग आला आणि कौतुकही वाटलं, पण आधी राग आला. मी अप्पांचीच मुलगी.

त्या दिवशी मुलाखत आटपून आम्ही गुलबर्ग्याच्या स्टँडवर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. परतीची गाडी ठरलेली होती, अप्पांचीच. दुसरी नव्हती. अव्वा फलाटाच्या कडेला थांबली. तिकडं जायचा धीर तिला होईना, हे मला पहिल्यांदाच दिसलं. सकाळी वापरून टाकलेलं धाडस संध्याकाळपर्यंत पुरलं नव्हतं. शेवटी मीच तिला ओढत नेलं. गाडी खच्चून भरली होती, पण चालकामागचा दुसरा बाक रिकामा, आणि त्यावर निळ्या चौकड्यांचा एक रुमाल पसरलेला. तो अप्पा घामासाठी मानेभोवती बांधत, रोज अव्वाच धुवायची. एक जण तिथं बसायला लागला तसे अप्पा मागून ओरडले, "तिथं नको ओ, माणसं यायलेत." आम्ही जवळ गेलो. अव्वानं रुमाल उचलून त्यांच्यापुढं धरला.

"कुणाचा हाय हा?"

"काय की," अप्पा तिकिटांच्या पेटीत बघत म्हणाले. "ऱ्हायलाय कुणाचा तरी."

मग ते मुलाखतीचं काहीच न विचारता तिकिटं फाडायला निघून गेले. आमच्याकडंही आले, दोन तिकिटं दिली, पुढं गेले. कमलापूर मागं पडलं तेव्हा त्यांचं काम संपलं होतं. ते आमच्या बाकाशी येऊन, सकाळी चन्नप्पा ज्या दांडीला धरून उभे होते तीच धरून उभे राहिले. कंडक्टरच्या जागेवर एक म्हातारी दोन कोंबड्या घेऊन झोपली होती. अप्पा एकदा या पायावर भार देत होते, एकदा त्या पायावर. मी पहिल्यांदाच त्यांच्या पायांकडं बघितलं. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. अव्वा खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं मान वळवली नाही, पण माझ्या कुशीत कोपर लावलं आणि म्हणाली,

"महानंदा, थोडं अ‍ॅडजस्ट कर. सकाळपासून उभे हैत ते."

मी सरकले. दोघांच्या बाकावर वीतभर जागा झाली. अप्पांनी आधी सगळ्या गाडीवरून एक नजर फिरवली, कोणी बघत तर नाही ना म्हणून. सगळेच बघत होते. मग ते बसले.